तीन पापनिवेदने आणि एक चेहरा
(ब्रेंडन ग्लीसन यांच्या अभिनयाविषयी)

चित्रपटांतील धर्मगुरू बहुधा दोन साच्यांतून काढलेला असतो. पहिला साचा गोड फादरचा. तो मुलांना गाणी शिकवतो, भांडणे मिटवतो, चर्चचे कर्ज फेडण्याची व्यवस्था करतो आणि हसतमुखाने पुढच्या गावाला निघून जातो. १९४४ सालच्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटाने हा साचा जगभर लोकप्रिय केला. त्यातील वृद्ध धर्मगुरूच्या भूमिकेसाठी डब्लिनच्या बॅरी फिट्झजेराल्ड यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिकही लाभले. दुसरा साचा अलीकडचा. काळ्या झग्याआड काळेच मन दडवणारा, ढोंगी आणि क्रूर असा हा धर्मगुरू पडद्यावर आला की प्रेक्षक आधीच सावध होतात. पहिल्या साच्यात धर्मगुरूला पाप ठाऊकच नसते. दुसऱ्यात पापावाचून काही ठाऊक नसते. माणूस दोहोंतही नसतो.

हे दोन्ही साचे बाजूला सारून धर्मगुरूला माणूस म्हणून उभे करणारा अभिनेता आयर्लंडमध्येच निपजावा, याचे आम्हाला नवल वाटत नाही. ब्रेंडन ग्लीसन यांचा जन्म १९५५ साली डब्लिन येथे झाला. ख्रिस्ती बंधूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते स्वतः शिक्षक झाले. हौशी व प्रायोगिक रंगभूमीवर कामे करता करता, वयाची पस्तिशी उलटल्यावर, १९९१ साली त्यांनी शिक्षकी पेशा सोडला व नटाचा व्यवसाय पत्करला. ज्या वयात नट नायकपदावरून उतरू लागतात, त्या वयात हा गृहस्थ उमेदवारी करू लागला! धिप्पाड बांधा, तांबूस केस आणि शेतकऱ्याचा वाटावा असा रुंद, राकट चेहरा हेच त्यांचे भांडवल होते. ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) मधील नायकाचा बालमित्र, ‘द जनरल’ (१९९८) मधील डब्लिनचा कुप्रसिद्ध दरोडेखोर मार्टिन काहिल, हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील एकाक्ष मूडी, दूरचित्रवाणीवरील विन्स्टन चर्चिल, अशा भूमिकांतून ते जगाला ठाऊक झाले. चर्चिलच्या भूमिकेसाठी त्यांना २००९ साली एमी पारितोषिकही मिळाले.

या यादीत आम्ही अधिक रेंगाळत नाही. ग्लीसन यांचे खरे सामर्थ्य निराळ्याच ठिकाणी आहे, असे आमचे मत आहे. बोलणारे नट पुष्कळ असतात, ऐकणारा नट विरळा. समोरचा बोलत असताना ग्लीसन यांच्या चेहऱ्यावर जे घडते ते पाहण्यासारखे असते. आणि ऐकण्याची परमसीमा जेथे गाठली जाते ती जागा म्हणजे पापनिवेदनाची जाळी. मार्टिन मॅकडोना व जॉन मायकल मॅकडोना या दिग्दर्शक बंधूंनी ग्लीसन यांना घेऊन जे चित्रपट केले, त्यांतील तिघांच्या केंद्रस्थानी किंवा अगदी जवळपास पापनिवेदन आहे. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

पहिला चित्रपट मार्टिन यांचा ‘इन ब्रूज’ (२००८). रे आणि केन हे दोघे भाडोत्री मारेकरी बेल्जियममधील ब्रूज या जुन्या शहरात लपून राहिले आहेत. तरुण रेने पापनिवेदनाच्या वेळीच एका धर्मगुरूची हत्या केली आहे. त्या गोळीबारात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला एक लहान मुलगाही ठार झाला. त्या मुलाच्या हातात कागदाचा चिटोरा होता आणि त्यावर त्याने आपली चिमुकली पापे लिहून आणली होती. ज्याने कोणत्याही धर्मोपदेशकाला अंतर्मुख करावे असे हे दृश्य आहे. ग्लीसन यांनी साकारलेला वयस्क केन हा रेचा सोबती. रेला ठार करण्याचा हुकूम त्याला मिळतो. परंतु पश्चात्तापाने पोळलेला रे स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून बसलेला पाहताच केन त्याचा हात धरतो आणि अखेर त्याला वाचवण्यासाठी घंटाघराच्या मनोऱ्यावरून स्वतःला खाली झोकून देतो. ऐकणारा मनुष्य ऐकता ऐकता दुसऱ्याच्या पापाचा भार उचलतो, हे सूत्र येथे प्रथम दिसते.

हेच सूत्र जॉन मायकल यांच्या ‘कॅल्व्हरी’ (२०१४) या चित्रपटात पूर्णत्वास जाते. ग्लीसन यांनी येथे फादर जेम्स रंगवला आहे. हा उशिरा दीक्षा घेतलेला धर्मगुरू. पत्नीच्या निधनानंतर तो सेमिनरीत गेला. त्याला एक तरुण मुलगी आहे, आणि तिने नुकताच जीव देण्याचा प्रयत्न केलेला आहे. मद्याच्या व्यसनावर त्याने मात केलेली आहे, पण ते व्यसन मेलेले नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्लायगो परगण्यातल्या एका धर्मग्रामात तो सेवा करतो.

चित्रपट सुरू होतो तो पापनिवेदनाच्या कक्षात. बोलणारा आपल्याला दिसत नाही. कॅमेरा फादर जेम्सच्या चेहऱ्यावरून हलत नाही. पलीकडचा आवाज सांगतो की सात वर्षांचा असल्यापासून त्याच्यावर एका धर्मगुरूने अत्याचार केले. तो धर्मगुरू आता हयात नाही. आणि तो असता तरी वाईट धर्मगुरूला मारण्यात काय मोठे? म्हणून तो एका चांगल्या, निरपराध धर्मगुरूला मारणार आहे. पुढच्या रविवारी, समुद्रकिनाऱ्यावर. आवराआवर करायला फादरला आठवडा मिळेल. हे सारे आपण केवळ ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो. भय, कीव, शिक्षकाचा सराईत संयम आणि त्याखाली कोठेतरी हललेला पाया, हे सारे हा नट भुवईही फारशी न हलवता दाखवतो.

फादर जेम्सने आवाज ओळखला आहे. तो बिशपांकडे सल्ला मागायला जातो. त्या माणसाने पश्चात्ताप दाखवलेला नाही, पापक्षमा मागितलेली नाही. तेव्हा येथे गुप्ततेचे बंधन लागू होत नाही, असे बिशप सुचवतात आणि निर्णय त्याच्यावरच सोपवतात. धर्मविधानाच्या ९८३व्या कलमाने संस्कारात्मक गुप्तता अभंग मानली आहे. पण पश्चात्तापाविना केलेले निवेदन हा संस्कार होतो काय, या प्रश्नाचा सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात खल होत असतो. हिचकॉक यांच्या ‘आय कन्फेस’ (१९५३) मध्ये धर्मगुरू मौन पाळतो ते नियमाने बांधलेला म्हणून. फादर जेम्सला नियमाने मोकळीक दिली आहे आणि तरीही तो मौन पाळतो. आमच्या मते ‘कॅल्व्हरी’ची पहिली थोरवी येथे आहे. त्याचे मौन कायद्यापुरते राहत नाही, ते मेंढपाळाचे मौन होते. कळपातील जखमी मेंढराला पोलिसांच्या स्वाधीन करून स्वतःचा जीव वाचवावा, असे त्याला वाटत नाही.

त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला जे येते त्यासाठी आयर्लंडचा अलीकडचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल डब्लिनला आले तेव्हा फिनिक्स पार्कमधील मिस्सेला दहा लाखांहून अधिक लोक लोटले होते. २००९ साली मुलांच्या संस्थांतील छळाविषयीचा रायन अहवाल आणि डब्लिन सरधर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल प्रसिद्ध झाले. मुलांवर काय अत्याचार झाले आणि वरिष्ठांनी ते कसे झाकले, हे देशाने त्यांत वाचले. मार्च २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना उद्देशून पत्र लिहिले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच फिनिक्स पार्कमध्ये क्षमायाचना केली; समोरचा समुदाय मात्र १९७९च्या तुलनेत फारच लहान होता. या दोन मिस्सांच्या मधल्या काळातले हे कथानक आहे. एका प्रसंगात फादर जेम्स रस्त्याने चाललेल्या लहान मुलीशी दोन शब्द बोलत जातो, तोच तिचा बाप मोटार थांबवून तिला ओढून नेतो. बापाच्या नजरेतील संशय झग्यावर आहे, माणसावर नाही. फादर जेम्स स्वतःचा बचाव करीत नाही. त्या क्षणी ग्लीसन यांच्या खांद्यांना जो बाक येतो तो शब्दांनी सांगता येणार नाही.

पुढे त्याचे चर्च जाळले जाते, त्याच्या कुत्र्याची हत्या होते, तो पुन्हा पेल्याला हात घालतो आणि अखेर पळून जाण्यासाठी विमानतळ गाठतो. तेथे त्याला एक शवपेटी दिसते. ज्याला त्याने अंत्यविधीचा संस्कार दिला होता त्या प्रवाशाचा देह घेऊन त्याची पत्नी मायदेशी निघाली आहे आणि विमानतळावरील कामगार त्या पेटीवर रेलून गप्पा मारीत आहेत. फादर जेम्स माघारी फिरतो.  कोणी तरी मेलेल्यापाशी आदराने उभे राहिले पाहिजे, एवढेच त्याला उमगले असावे.

रविवारी किनाऱ्यावर तो निःशस्त्र जातो. आणि तेथे या चित्रपटातील सर्वांत कठीण प्रश्न येतो. मारेकरी विचारतो, तुझा कुत्रा मेला तेव्हा तू रडलास काय? फादर जेम्स होकार देतो. आणि आपल्या बंधूंनी मुलांचे काय केले हे वर्तमानपत्रात वाचलेस, तेव्हा रडलास काय? फादर जेम्स थांबतो आणि नाही म्हणतो. ते सारे त्याला दूरचे वाटले होते.

अनेक भाविक प्रेक्षक या चित्रपटाकडे हौतात्म्याची कथा म्हणून पाहतात. निरपराध मनुष्य इतरांच्या पापांसाठी प्राण देतो, म्हणजे हा दुसरा ख्रिस्तच, असे ते म्हणतात. शीर्षकही त्यांना साथ देते. आम्हाला हा अर्थ पुरेसा वाटत नाही. तो सोयीचा मात्र आहे. एक चांगला फादर मेला, हिशेब चुकता झाला, असे मानले की बळी पडलेल्यांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. वरील प्रश्नाने दिग्दर्शकाने ही पळवाट बंद केली आहे. फादर जेम्स निष्पाप आहे, यात शंका नाही. पण ‘मी केले नाही’ आणि ‘मला दुखले’ यांत अंतर आहे, आणि ख्रिस्तसभेचे दुखणे नेमके त्या अंतरात आहे. प्रभू येशू लाझरसच्या थडग्यापाशी रडला, यरुशलेम नगरीकडे पाहून रडला. ज्या पापात त्याचा वाटा नव्हता त्यासाठीही तो रडला. चांगुलपणाची कसोटी ही आहे. फादर जेम्स त्या कसोटीला शेवटच्या क्षणी सामोरा जातो, खोटे उत्तर देत नाही, आणि म्हणूनच तो थोर वाटतो.

चित्रपटात दोषही आहेत. धर्मग्रामातील माणसे माणसांपेक्षा दुर्गुणांची चालतीबोलती सोंगे अधिक वाटतात. निर्दय डॉक्टर, उर्मट धनिक, पोकळ मनाचा सहायक धर्मगुरू, जो तो येतो आणि फादरला टोमणा मारून जातो. रोज सकाळी मिस्सेला येणाऱ्या म्हाताऱ्या बाया, वेदी सजवणारे हात, आजाऱ्याच्या घरी न सांगता भाकरी पोचवणारे शेजारी येथे जवळपास नाहीतच. आयर्लंडमध्ये श्रद्धा ओसरली असेल, परंतु अशी माणसे संपलेली नाहीत. त्यांना वगळल्याने नायकाचे एकाकीपण ठसते, सत्य मात्र थोडे उणे होते. भाषा शिवराळ आहे, हिंसा उघडी आहे. मुलांबाळांसह पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. तथापि २०१४ सालच्या बर्लिन महोत्सवात पॅनोरमा विभागातील ख्रिस्तैक्य परीक्षक मंडळाचे पारितोषिक याच चित्रपटाला मिळाले, हेही सांगितले पाहिजे.

तिसरे पापनिवेदन मार्टिन यांच्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ (२०२२) मध्ये आहे. आयरिश यादवी युद्धाच्या काळातील, १९२३ सालच्या एका काल्पनिक बेटाची ही कथा. ग्लीसन येथे जाळीच्या दुसऱ्या बाजूला बसले आहेत. त्यांचा कोल्म हा सारंगीसारखे फिडल वाजवणारा वादक जिवलग मित्राशी एकाएकी बोलणे सोडतो. पुढे त्याच्याच हट्टापायी मित्राचे लाडके गाढव मरते. धर्मगुरू त्याला नैराश्याविषयी विचारतो, आणि एका लहानशा गाढवाची देवाला पर्वा असते का, हा प्रश्न जाळीतून निघतो. कोल्मला वाटते ती नसावी. सारे बिघडले ते तेथेच. ‘कॅल्व्हरी’तील कुत्रा आणि येथील गाढव हे एकाच प्रश्नाचे दोन टोक आहेत. कोणाच्या दुःखाने आमचे काळीज हलते आणि कोणाच्या दुःखाने हलत नाही? या भूमिकेसाठी ग्लीसन यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले.

तिन्ही चित्रपटांत मिळून एकदाही पापक्षमेचे शब्द नीट उच्चारले जात नाहीत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. एके ठिकाणी ऐकणाराच मारला जातो, दुसरीकडे निवेदनाची धमकी होते, तिसरीकडे धर्मगुरू व पापी भांडून उठतात. मॅकडोना बंधूंना संस्कारावर श्रद्धा आहे की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही. पण संस्कार मोडल्यावर माणसांचे काय होते, हे त्यांनी श्रद्धावंतांहूनही स्पष्ट पाहिले आहे. माणसाला आपले ऐकून घेणारा कोणी तरी हवाच असतो, आणि तो मिळाला नाही तर मनातले विष दुसऱ्या वाटेने बाहेर पडते.

‘कॅल्व्हरी’चा शेवट आम्हाला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. फादर जेम्सची मुलगी तुरुंगात बापाच्या मारेकऱ्याला भेटायला जाते. मध्ये काच आहे. दोघे समोरासमोर बसतात, ती फोनचा श्रवणक उचलते, आणि चित्रपट संपतो. ती काय बोलली हे आपल्याला ऐकू येत नाही. जाळीपाशी सुरू झालेली गोष्ट काचेपाशी येऊन थांबते. आरंभी ऐकायला धर्मगुरू बसला होता, आता एक प्रापंचिक तरुणी बसली आहे. बापाने जिथे सोडले तेथून मुलीने काम हाती घेतले आहे.