‘सारखं आहे का?’ या प्रश्नात काय चुकतं

प्राथमिक वर्गातल्या द्रवमापनावर संशोधन करायचं ठरवलंत, की वाचनाच्या पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग तुमच्यासमोर येतो. दोन एकसारखे ग्लास, दोन्हींत तेवढंच पाणी. मुलाने ते मान्य केलं की त्यातल्या एकातलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत एका उभट, अरुंद ग्लासात ओतायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. साधारण सहा-सात वर्षांखालची बरीच मुलं म्हणतात, उंच ग्लासात जास्त आहे. ज्याँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांनी १९४१ साली मुलांच्या संख्याकल्पनेवरच्या फ्रेंच पुस्तकात हे मांडलं. १९५२ मध्ये ते इंग्रजीत आलं. भांडं बदललं तरी राशी बदलत नाही, या समजेला आपण राशीची अक्षय्यता म्हणू.

मापन शिकवण्याशी याचा संबंध थेट आहे. एक जग पाण्याचे सहा पेले होतात, असं मूल मोजतं. पण ओतल्यावर पाणी कमी-जास्त होतं असं त्याला वाटत असेल, तर त्या ‘सहा’ला अर्थच उरत नाही. हा मुद्दा पियाजेने अचूक पकडला होता, आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती प्रयोग म्हणजे जणू थर्मामीटर, असं समजून तो वापरण्याबद्दल. मूल ‘जास्त’ म्हणालं, टिकमार्क केला, ‘अक्षय्यता नाही’ असं लिहिलं, संपलं. मीही हेच केलंय, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी जुनी टीका बघू. पहिला आक्षेप प्रश्न दोनदा विचारण्यावर आहे. वर्गात बाईंनी तोच प्रश्न परत विचारला, तर मूल काय समजतं? आधीचं उत्तर चुकलं. रोज आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये पहिला प्रश्न गाळून पाहिला, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. पण इथे एक सापळा आहे. त्यांचा प्रयोग पाण्याचा नव्हता, संख्येचा होता. समोर मांडलेल्या वस्तूंच्या रांगांचा. द्रवमापनाच्या प्रबंधात तो थेट पुरावा म्हणून दिलात, तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवेल. त्यासाठी सॅम्युएल आणि ब्रायंट यांचा १९८४ चा अभ्यास वाचा. त्यात वस्तुमान, संख्या आणि द्रव तिन्ही होते. काही मुलांना प्रश्न दोनदा विचारला, काहींना ओतल्यानंतर एकदाच, आणि काहींना फक्त शेवटची स्थिती दाखवली, ओतणं दाखवलंच नाही. एकदाच विचारलेल्या मुलांच्या चुका बाकी दोन्ही गटांपेक्षा कमी होत्या. तिसरा गट का हवा, कळलं ना? तो नसता तर कोणी म्हणालं असतं की मुलं शेवटचं चित्र बघून अंदाज करतात. या गटामुळे दिसलं की आधीची स्थिती मुलं खरंच लक्षात ठेवून वापरतात. आणि हेही नमूद करा की वयाचा परिणाम त्यातही गेला नाही. मोठी मुलं लहानांपेक्षा सरसच होती.

दुसरा आक्षेप: ओततं कोण आणि कशासाठी? पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी सेनेगलमधल्या वोलोफ मुलांसोबत काम केलं. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगकर्तीने ओतलं की काही मुलं ‘तुम्ही ओतलंत म्हणून बदललं’ अशा अर्थाचं कारण देत. मुलांनीच ओतलं की बरोबर उत्तरं वाढली. लाइट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पाण्याऐवजी पास्ताचे शिंपले घेतले आणि ‘अरे, या भांड्याची कड तुटलीय, लागेल कोणाला’ असं म्हणून ते दुसऱ्या भांड्यात ओतले. ओतण्याला खरं कारण मिळालं, आणि कितीतरी जास्त मुलांनी राशी तेवढीच असल्याचं सांगितलं.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी माझ्या प्राथमिक चाचणीत चूक झाली, कारण ती ग्लासात नव्हती, मराठीत होती. इंग्रजी साधनातल्या प्रश्नाचं भाषांतर मी केलं: ‘दोन्ही ग्लासांतलं पाणी सारखं आहे का?’ दुसरीतली एक मुलगी दोन्हीकडे बघून म्हणाली, ‘नाही, सारखं नाही.’ मी तिच्या नावापुढे फुली मारली. मधल्या सुट्टीत तिच्या वर्गातला एक मुलगा कुरकुरत होता की त्याला सरबत कमी मिळालं. ही त्याला म्हणाली, ‘अरे तेवढंच आहे. माझा ग्लास बारीक आहे ना, म्हणून वर आलंय.’

आता ‘सारखं’ हा शब्द बघा. ‘ती अगदी आईसारखी आहे’ यात तो दिसण्याबद्दल आहे. ‘सारखे भाग कर’ यात प्रमाणाबद्दल आहे. ‘सारखा रडतो’ यात तर तिसरंच काही. एक उंच, एक बुटकं असं पाणी समोर असताना ‘सारखं नाही’ हे उत्तर मराठी म्हणून चूक नाहीच. ‘तेवढंच’, ‘तितकंच’ हे शब्द मात्र प्रमाणाचेच आहेत. आणि गंमत म्हणजे उलट-भाषांतराच्या पडताळणीत हे सापडत नाही. ‘सारखं’ परत इंग्रजीत नेलं की मूळचाच शब्द मिळतो, आणि आपण खूश होतो. पियाजे-शेमिन्स्कांच्या संवादांत तर मुलांना प्यायच्या सरबताबद्दल विचारलेलं आहे: दोघांना प्यायला तेवढंच मिळेल का? ते ‘प्यायला’ आमच्या साधनापर्यंत येता येता गळून गेलं.

पण घाईने निष्कर्ष काढू नका. त्या मुलीला शब्दाने अडवलं, की सरबताच्या भांडणात प्रश्नाला खरं कारण मिळालं म्हणून उत्तर आलं? एका प्रसंगावरून हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी ‘सारखं’ आणि ‘तेवढंच’ अशा दोन शब्दरचना, आणि ओतण्याला कारण असलेली व नसलेली अशा दोन स्थिती, म्हणजे चार गट करून मुलं यादृच्छिक पद्धतीने वाटावी लागतील. माझ्या आराखड्यात ते आता आहे. तेव्हा नव्हतं. आणि तेव्हा माझा तक्ता बघून वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘मग हिला मापनाचं पुढच्या वर्षी बघू.’ मी फुली खोडली, त्यांना कारण सांगितलं. त्यांनी ऐकलं. पण ती सुट्टी माझ्यासमोर झाली नसती तर?

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. ‘साहित्य-पेटीचा मापन-क्षमतेवर परिणाम’ अशा अभ्यासांची उत्तर-चाचणी बहुधा अशी असते: ३ लीटर २५० मिलीलीटर अधिक २ लीटर ८५० मिलीलीटर किती? उत्तर ६ लीटर १०० मिलीलीटर. हे कोणी बरोबर सोडवलं, तर त्याला हजाराचा हातचा घेता येतो एवढंच कळलं. अर्धा लीटर दूध कोणत्या पातेल्यात मावेल, हे त्याला सांगता येईलच असं नाही. पियाजेच्या ग्लासाने समज असलेलं मूल नापास होऊ शकतं, आणि या बेरजेने समज नसलेलं पास.

मग विचारायचं काय? माझ्या चाचणीत आता हा प्रश्न आहे: तीच बादली भरायला एका गटाने १६ पेले ओतले, दुसऱ्या गटाने २४, कोणाचा पेला मोठा? यात मोठी आकडेमोड नाही, रूपांतर नाही. २४ मोठा आकडा म्हणून मूल दुसऱ्या गटाचा पेला मोठा म्हणालं, तर त्याला एकक आणि मोजसंख्या यांचं उलटं नातं अजून लागलेलं नाही. आणि प्रमाणित एकक, म्हणजे लीटर, मुळात का लागतं, याचा धडा नेमका इथूनच सुरू करता येतो. पेले वेगळे म्हणून आकडे वेगळे, हे आधी भांडून झालेलं असलं पाहिजे.

तुमचं साधन तयार झालं की मुख्य चाचणीआधी चार-पाच मुलांसोबत बसा. उत्तर लिहून घेण्यापूर्वी विचारा, ‘मी तुला काय विचारलं, सांग बरं?’ त्यांनी सांगितलेला प्रश्न आणि तुमच्या कागदावरचा प्रश्न वेगळे निघाले, तर आधी कागद दुरुस्त करा.