बोंडू आपला, दारू विदेशी

मार्च-एप्रिलात वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालात आणि गाडीची काच खाली असली, तर काजीच्या बागा डोळे मिटूनही ओळखता येतात. गोड, आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो. बी पिरगळून पोत्यात गेलेली असते आणि बोंडू झाडाखालीच पडलेला असतो. दुपारपर्यंत त्यावर माश्या बसतात, दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. वजनाला बोंडू बियेच्या सहा ते दहा पट भरतो. काजूचे पीक घेतो असे आपण म्हणतो खरे, पण त्यातला मोठा वाटा जमिनीलाच परत देतो.

रेडी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. नदीच्या आपल्याच तीरावर, मूळचा सावंतवाडीकरांचा, तरीही १७४६ पासून पोर्तुगिजांचा आणि म्हणून आज गोव्याचा. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, ते मात्र सरहद्द बघून रुजले नाही. पलीकडे याच बोंडूच्या रसाची परवान्याने फेणी होते आणि अलीकडे बिनपरवान्याचा मुद्देमाल. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा मान दिला. आमच्याकडच्या त्याच पेयाला धड नावही नाही. कुणी हुर्राक म्हणतो, कुणी नुसतेच ‘काजूची’, आणि म्हणताना आवाज खाली येतो.

ही कला आहे, हे आधी मान्य करायला हवे. पिकून आपोआप गळलेलाच बोंडू घ्यायचा. झाडावरून ओढून काढलेला चालत नाही, त्याने घसा धरतो. पायांनी तुडवून रस काढायचा, चोथ्यावर दगडाचे वजन ठेवून उरलेला थेंबथेंब गाळायचा. हा शेवटचा रस म्हणजे नीरो, तो दुपारी गारच प्यावा. बाकीचा रस बाहेरून काही न घालता दोन-तीन दिवस आंबतो; सालीवरचे आणि हवेतले यीस्टच ते काम करतात. मग भट्टी. भानात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, रस उकळतो, वाफ लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते, लावणीवर पाणी ओतून ती थंड करायची. पहिल्या धारेचा तो उर्राक, आमचा हुर्राक. उर्राक पुन्हा ताज्या आंबलेल्या रसात मिसळून गाळला की फेणी. ताकद मोजायला जुना पोर्तुगीज ‘ग्राव’ अजून वापरात आहे: उर्राक साधारण पंधरा ग्राव, फेणी एकोणीस-वीस. यंत्र नसेल तर बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते बघतात, आणि फेणी हा शब्द त्या फेसावरूनच आला असे सांगतात.

सगळे कसब विस्तवात आहे. जाळ मोठा केला की माल लवकर निघतो, पण रस भानाच्या बुडाला लागतो आणि तो करपट वास शेवटच्या घोटापर्यंत सोडत नाही. चांगल्या हुर्राकात बोंडूचा वास आधी येतो, दारूचा मागून. आमच्या बाजूला मी चाखलेल्यात असा माल थोडा. बहुतेकांत घाई जाणवली, काहींत गुळाचा संशय आला. मात्र याचा दोष एकट्या गाळणाऱ्याला देता येणार नाही. ज्याला रात्रीतून भट्टी लावून उजाडायच्या आत मोडायची आहे, तो मंद विस्तव कुठून ठेवणार? आणि लिमका, मीठ, चिरलेली हिरवी मिरची घालून पिणाऱ्याला करपट वास कळतो तरी कुठे? गिऱ्हाईक चोखंदळ नाही, कारण चोखंदळपणा उघड्यावर दाखवायची सोय नाही.

ही सोय कशी गेली, त्याची गोष्ट काजूपेक्षा माडापासून सुरू होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढणे झाडावरच्या कराला आणि परवान्याला बांधले. फुलोऱ्याची पोय बांधून तिचे टोक रोज कापणारा, दिवसातून दोनदा माडावर चढणारा भंडारी एकाएकी सरकारी खात्याचा देणेकरी झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलेसुरले संपवले. १९६१ पर्यंत तेरेखोलच्या पल्याड पोर्तुगीज होते, तिथे ही बंदी पोचलीच नाही. गोव्याची फेणी गोवेकरांच्या हातगुणाने टिकली हे खरेच. ती दारूबंदीवाल्या मोरारजी देसाईंच्या हद्दीबाहेर होती, हेही तितकेच खरे.

कायद्याइतकाच आपला स्वभावही आडवा आला. मराठीत दारूवर बोलायचे तर ‘एकच प्याला’तला सुधाकर समोर उभा राहतो. १९१९ पासून तो उभाच आहे. दारूने घरे बुडतात, त्यात खोटे काही नाही. आमच्या वाडीतही बुडाली. पण दारू म्हटली की अश्रू किंवा थट्टा, तिसरी भाषाच आपल्याकडे तयार झाली नाही. आंब्याबद्दल आम्ही देवगडचा की वेंगुर्ल्याचा यावर भांडू, सोलकढीच्या आंबटपणावरून रुसू. हुर्राकाबद्दल मात्र ‘चढते की नाही’ एवढाच प्रश्न. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामडी चपला वाहतात ते चारचौघांत. राखणदाराची बाटली बांधावर मुकाट्याने पोचते.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे ऋण मोठे आहे. १९५७ पासून तिथे काजूवर काम चालू आहे. वेंगुर्ला-१ ही शेजारच्या आणसूरच्या झाडातून निवडलेली, वेंगुर्ला-४ च्या रक्तात वेतोऱ्याचे झाड. वेंगुर्ला-७ ची बी तर दहा ग्रॅमच्या आसपास भरते. या जातींनी कोकणाबाहेरचेही बागायतदार उभे केले. पण मोजले काय? बियेचे वजन, गराचे प्रमाण, झाडामागे उत्पन्न. बोंडू लाल की पिवळा याची नोंद आहे. तो आंबला की कसा लागतो हे बघून जात निवडावी, असा विचार प्रबळ झाला नाही. सरबत, सिरप, जॅम झाले, आणि ते चांगलेच झाले. तरी बोंडू एका दिवसात नासतो, त्यातले टॅनिन घशाला लागते. या फळाचे रूप आंबवण्यातच खुलते, हे आपल्याला कबूल करवत नाही.

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासूनची स्थानिक दारू यापुढे ‘देशी’ नव्हे, ‘विदेशी मद्य’ या वर्गात धरावी. हेतू चांगला: देशी म्हटले की गुत्ता, विदेशी म्हटले की बरे दुकान आणि बरा भाव. पण आमच्या परड्यातल्या बोंडूला मान द्यायचा तर त्याला परदेशी ठरवावे लागते, यातली गंमत त्या कागदावर सही करणाऱ्यांना जाणवली असेल का? शिवाय बाटलीवर लिहायचे काय? फेणी म्हणता येत नाही, ते नाव गोव्याचे. ‘वेंगुर्ला काजू’ला मानांकन आहे, पण ते बियेचे.

नाशिकचे उदाहरण तोंडावर फेकले जाते. तिथे २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने कारखाने आले, चाखायला पर्यटक आले, २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मानांकन मिळाले. मला ते उदाहरण आमच्या कामाचे वाटत नाही. नाशिकची वाइन भांडवलाने आणि फ्रान्सकडे बघून उभी राहिली. तिला आजीची भट्टी नव्हती. आमचे नाते लागते ते जॉर्जियाशी. तिथे द्राक्षाचा रस जमिनीत पुरलेल्या मातीच्या क्वेव्रीत आंबवतात, आठ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. सोव्हिएत कारखान्यांनी ती वाइन गोड आणि सवंग केली, १९८५ च्या गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत द्राक्षमळे उपटले गेले, २००६ मध्ये रशियाने बाजार बंद केला. तरी कला उरली, कारण शेतकरी घरच्यापुरती वाइन परसात करतच होता. २०१३ मध्ये युनेस्कोने गौरवली ती हीच परसातली पद्धत. गोव्यातही जुन्या काळी बोंडूचा रस अर्ध्या पुरलेल्या मडक्यातच आंबत असे. आमच्याकडे त्या मडक्याचे तुकडेही कुणी जपले नाहीत, कारण ते पुरावा म्हणून सापडले असते.

आणखी एक गोष्ट खुपते. बोंडूपासून दारू गाळायची परवानगी केरळात कण्णूरमधल्या पय्यावूरच्या सहकारी बँकेने मिळवली, तीही २०२२ मध्येच. सहकार आमचा, संशोधन केंद्र आमचे, जातींना नावही आमच्या गावाचे.

यंदाही काजी धरल्या आहेत. आमच्या शेजारच्या बागेत सकाळी बायका बिया गोळा करून गेल्या. संध्याकाळी गुरे आत शिरली आणि पिवळे बोंडू आधी वेचून खाऊ लागली, लाल मागे ठेवले.