भाषाभ्यासात मोबाईल व टॅबलेट : एक परीक्षण

उच्च शिक्षणात टॅबलेट व मोबाईल यांचा वापर करावा की करू नये, या प्रश्नावर आपल्याकडे गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. एका पक्षाच्या मते ही साधने विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथालयच आणून ठेवतात. दुसऱ्या पक्षाच्या मते ती त्याचे चित्त विचलित करतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे निराधार नाही. परंतु दोघेही साधनाविषयी बोलतात. त्या साधनाने अभ्यासातील नेमकी कोणती क्रिया घडते, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात भाषाभ्यासापुरता तो करावयाचा आहे. वाचणे, शोधणे आणि लिहिणे या तीन भिन्न क्रिया असून प्रत्येकीच्या संदर्भात साधनाचे मूल्य वेगळे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साधनाच्या चर्चेत शिक्षणाची चर्चा कशी मागे पडते, याचे उदाहरण म्हणून ‘आकाश’ या टॅबलेटकडे बोट दाखविता येईल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे केंद्र शासनाने तो प्रसिद्धीस आणला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याच्या सुधारित आवृत्तीचे उद्घाटन झाले. त्या काळात चर्चा झाली ती मुख्यतः किमतीची, वेगाची आणि पडद्याची. पहिली आवृत्ती अँड्रॉइड २.२ या प्रणालीवर चालत असे, आणि देवनागरी जोडाक्षरे यथायोग्य जुळवून दाखविण्याची सोय त्या प्रणालीत मूळची नव्हती. देशी भाषांत शिकणाऱ्यास हे साधन काय उपयोगी पडेल, हा प्रश्न गौणच राहिला. पुढे योजना मागे पडली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने मात्र वाटप किंवा अनुज्ञा यांची वाट न पाहता विद्यार्थ्याचा स्वतःचा मोबाईल हाच वर्ग बनविला. आता बंदीचा विचार करण्यापेक्षा वापराचा विवेक शिकविणे अधिक इष्ट होय.

प्रथम या साधनांचे ऋण मान्य केले पाहिजे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तो कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून आज कोणासही पाहता येतात. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाबाहेर न जाणारे हे खंड तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती येणे, ही लहान गोष्ट नव्हे. बोलींच्या अभ्यासातही तसेच. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून निघू लागले. त्यांतील बोली आपण छापील चिन्हांवरून केवळ कल्पनेने ऐकत आलो. डेक्कन कॉलेजच्या अलीकडील बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे आता वर्गात प्रत्यक्ष ऐकविता येतात.

वाचनाविषयी मात्र सावधगिरी हवी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित परीक्षणात, २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा व १,७०,००० हून अधिक वाचकांचा विचार करण्यात आला. माहितीपर मजकुराचे आकलन पडद्यापेक्षा कागदावर काहीसे सरस होते, आणि वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. कथात्मक मजकुराबाबत असा फरक आढळला नाही. यावरून पडदा त्याज्य ठरत नाही. परंतु व्याकरणविषयक किंवा सैद्धांतिक ग्रंथ हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर घाईघाईने वाचणे हे अभ्यासाचे वाचन नव्हे, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

तथापि माझा मुख्य मुद्दा शोधण्यासंबंधी आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने एकोणिसाव्या शतकातील एका प्रवासवर्णनावर निबंध लिहिला. या लेखकाने ‘तऱ्हा’ हा अरबी-फारसी मुळाचा शब्द एकदाही वापरलेला नाही. सर्वत्र ‘प्रकार’ असेच म्हटले आहे. सबब त्याचा कल फारसी शब्द टाळण्याकडे होता, असे तिचे प्रतिपादन होते. पुरावा म्हणून तिने मोबाईलवरील प्रतीत घेतलेला शोध दिला होता : उत्तर शून्य. निबंधाचा कच्चा खर्डा मी वाचला होता, आणि हे विधान मला पटलेही होते. चर्चासत्राच्या दिवशी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने ग्रंथालयातून आणलेली छापील प्रत सहज उघडली, तो त्याच पानावर ‘तऱ्हा’ हा शब्द! पुढे पाने चाळता तो अनेक ठिकाणी आढळला.

हे कसे घडले? आपल्याला अक्षराची आकृती दिसते. यंत्राला संकेतांकांची मालिका तेवढी कळते. ‘तऱ्हा’ किंवा ‘दऱ्या’ यांतील आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ व हलन्त चिन्ह येते. दुसरीत साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. ज्या प्रतीत एक रीत वापरली आहे तीत दुसऱ्या रीतीने शोध घेतल्यास, यंत्राला हा भेद ठाऊक नसेल तर, काहीच सापडत नाही. कोणत्या कळफलकावरून कोणती मालिका उमटते, हेही प्रत्येक मोबाईलवर एकसारखे नसते. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली. तत्पूर्वीचे लेखन अ आणि वरची चंद्रकोर अशा जोडीने झालेले असते. ज्या भाषेत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, त्या भाषेच्या अभ्यासकास हा भेद क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. हा दोष तांत्रिक आहे, उद्या तो दूर होईल, असे कोणी म्हणेल. तो दूर व्हावा हे इष्टच आहे. परंतु मूळ चूक संकेतांकाची नव्हती. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेण्याची ती चूक होती, आणि तीत मीही भागीदार होतो. छापील ग्रंथ चाळणाऱ्यास आपण किती पाने पाहिली याचे भान असते. यंत्र शून्य असे उत्तर देते तेव्हा त्याने काय पाहिले व काय पाहिले नाही, हे ते सांगत नाही. आणि अभावाचे विधान तर भाषाशास्त्रात सर्वांत जोखमीचे असते.

लेखनाच्या बाबतीत धोका उलट दिशेचा आहे. बोलीतील उच्चार टिपून घेताना मोबाईलचा कळफलक प्रमाण मराठीतील रूप आपण होऊन पुढे करतो, आणि कित्येकदा ते नकळत स्वीकारले जाते. शोधताना असलेले रूप हरवते. येथे नसलेले रूप अवतरते.

तेव्हा विभागापुढे तीन साध्या सूचना ठेवाव्याशा वाटतात. अमुक रूप अमुक ग्रंथात आढळत नाही, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती प्रत पाहिली आणि कोणकोणत्या लेखनरूपांनी शोध घेतला, हे निबंधातच नमूद करावे. असा निष्कर्ष छापील प्रतीच्या निदान काही प्रकरणांशी ताडून पाहिल्यावाचून मार्गदर्शकाने स्वीकारू नये. बोलींचे लिप्यंतर प्रथम हाताने कागदावर करावे, मग यंत्रावर उतरवावे.

त्या विद्यार्थिनीने आपला निबंध पुन्हा लिहिला. ‘तऱ्हा’ आणि ‘प्रकार’ हे दोन्ही शब्द तो लेखक वापरतो, पण भिन्न संदर्भांत वापरतो, असे तिला दुसऱ्या वेळी दिसून आले. आणि पहिल्या निष्कर्षापेक्षा हा निष्कर्ष अधिक मोलाचा होता. या खेपेसही तिने मोबाईल वापरलाच, पण पुस्तक शेजारी उघडे ठेवून.