भारत-भूतान: कलम दोन कागदावरून गेलं, मनातून गेलं का?

आजचा विषय भारत आणि भूतान.

या संबंधांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यांत आटोपतं. भारत मोठा भाऊ, भूतान धाकटा, आणि दोघांचं कधी वाजलं नाही. 'आदर्श मैत्री' हा शब्द तर ठरलेलाच. माझा आक्षेप या शब्दावर आहे. मैत्री खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण हा शब्द वापरला की दीडशे वर्षांची घासाघीस दिसेनाशी होते, आणि त्या घासाघिशीत भूतानने काय कमावलं तेही दिसत नाही.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. भूतानचं क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण केरळएवढं. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. उत्तरेला चीन, बाकी तिन्ही बाजूंना भारत. अशा देशाला शेजाऱ्याशी भांडून चालत नाही, आणि सगळं ऐकूनही चालत नाही.

आता करार वाचू. १८६४-६५ च्या युद्धात इंग्रजांनी भूतानकडून डुआर्स घेतले, म्हणजे बंगाल आणि आसामला लागून असलेला डोंगरपायथ्याचा सुपीक पट्टा. १८६५ च्या सिंचुला तहात त्याचा मोबदला ठरला, तो वाढत वाढत वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत जायचा होता. १९१० च्या पुनाखा तहात तो एक लाख झाला. त्याच तहात भूतानने परराष्ट्र व्यवहारात इंग्रजांचा सल्ला मानायचा, असंही आलं. इंग्रज गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताने दार्जिलिंगला नवा करार केला. रक्कम पाच लाख झाली, देवानगिरीचा ३२ चौरस मैलांचा भाग भूतानला परत मिळाला. पण सल्ल्याची अट तशीच राहिली. हेच ते गाजलेलं कलम दोन.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आपण ज्याला सरसकट 'मदत' म्हणतो, तिचं मूळ नुकसानभरपाईत आहे. १९४९ चा करारच सांगतो की हे पाच लाख जुन्या भरपाईच्या जागी आहेत. दुसरी, साम्राज्याविरुद्ध लढलेल्या देशाने साम्राज्याच्या तहातली ही अट जवळजवळ जशीच्या तशी उचलली. 'आदर्श मैत्री'च्या गोष्टीत या दोन्ही बाबींना जागा नसते.

आता कुणी म्हणेल, चीनपासून भूतानला वाचवणार कोण होतं? प्रश्न रास्त आहे. तिबेटमधलं १९५९ पाहिल्यावर भूतानने उत्तरेची सीमा बंद केली आणि तोंड दक्षिणेकडे वळवलं. पण तो निर्णय भूतानचा स्वतःचा होता, हे विसरू नका. त्याआधी, १९५८ मध्ये, नेहरू पारोला गेले ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, कारण भारतातून वर जाणारा मोटारीचा रस्ताच नव्हता. १९६१ ला भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर सुरू झाली, रस्ते झाले. पुढे ३३६ मेगावॉटचा चुखा जलविद्युत प्रकल्प आला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज अशा हिशेबाने. वीज आपल्याला मिळाली, भूतानला उत्पन्न मिळालं. हे मोलाचं काम आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण याच काळात थिम्पूने काय केलं बघा. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, भारताच्याच पाठिंब्याने. १९८४ पासून त्याने सीमेबाबत चीनशी थेट बोलणी सुरू केली. १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारात तो सामील झाला, ज्या करारावर भारताने आजपर्यंत सही केलेली नाही. म्हणजे सल्ला ऐकायचा, पण तो बंधनकारक आहे असं मानायचं नाही. आरडाओरड न करता भूतानने कलम दोन झिजवत आणलं. २००३ च्या डिसेंबरात त्याने आपल्या जंगलातल्या उल्फा आणि इतर बंडखोरांच्या छावण्या स्वतःच्या सैन्याकडून उठवल्या. आणि फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात सल्ल्याची अट गेली. तिच्या जागी परस्पर सहकार्य आलं, आणि एकमेकांच्या सुरक्षेला बाधेल असं काही आपल्या भूमीवर होऊ द्यायचं नाही, ही दोघांवर सारखीच जबाबदारी आली. छोट्या देशाच्या मुत्सद्देगिरीचं हे मोठं यश आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला किती ओळी मिळतात?

कागदावरून कलम गेलं. आपल्या मनातून गेलं का? २०१३ मध्ये भूतानमध्ये मतदान तोंडावर असताना भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं. कारण तांत्रिक सांगितलं गेलं, पुढे अनुदान सुरूही झालं. पण ज्या घरात ऐन महिन्यात सिलिंडर महागला, त्या घराने त्याचा अर्थ काय लावला असेल? २०१७ ला डोकलाममध्ये ७३ दिवस तणाव होता. आपल्या वाहिन्यांवर ती भारत-चीन लढत होती. जमिनीवर दावा भूतानचा, आणि त्याच्या परराष्ट्र मंत्रालयाने २९ जूनला चीनला उद्देशून काढलेलं स्पष्ट निवेदन कितीजणांनी वाचलं? २०२१ मध्ये भूतान आणि चीनने सीमेच्या बोलण्यांसाठी तीन टप्प्यांचा आराखडा मान्य केला, तेव्हा आपल्याकडे लगेच विचारणा सुरू झाली: भूतान हातचा जातोय का?

'हातचा' हा शब्द जरा ऐका. त्यात १९४९ चं कलम दोन जसंच्या तसं बसलेलं आहे.

भूतान-चीन सीमेचा निकाल आज ना उद्या लागेल, आणि सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यामुळे त्यात आपलंही बरंच काही अडकलेलं आहे. त्या वेळी आपल्याला थिम्पूशी बोलावं लागेल. ज्याला आपण धाकटा भाऊ म्हणून गृहीत धरलं, त्याच्याशी वाटाघाटी कशा करायच्या हे आपल्याला ऐन वेळी सुचणार नाही. म्हणून हा इतिहास त्याच्या बाजूनेही वाचायला हवा, आणि तो आत्ताच वाचायला हवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.