टेन्शन घेतलं तर चिकटणार नाही?

माझ्या मावसबहिणीचं एम्ब्रियो ट्रान्सफर झालं आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, लिफ्ट बंद होती, तीन मजले चढून आले. माझ्यामुळे काही बिघडलं नसेल ना?" पाठोपाठ दुसरा प्रश्न. "सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर चिकटणार नाही. खरंय का?" माझा पीएचडीचा विषय वेगळा आहे, पण पेपर वाचणं हे रोजचंच काम. म्हणून वाचले. (तिला विचारूनच हे लिहितेय.)

आधी थोडी पार्श्वभूमी. आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडल्यापासून बीटा एचसीजीच्या रक्तचाचणीपर्यंत साधारण 9 ते 14 दिवस जातात. त्याआधीचे आठवडे इंजेक्शनं आणि सोनोग्राफीत गेलेले असतात. आता एकदम वाट बघण्यापलीकडे काही उरत नाही. त्यात प्रोजेस्टेरॉन चालू असतं. त्यानेही छाती दुखते, पोट फुगतं, सुस्ती येते. म्हणजे दिसतंय ते गर्भधारणेचं लक्षण की औषधाचं, हे ओळखायला मार्ग नाही. बाई दिवसभर स्वतःच्या शरीराची झडती घेत राहते आणि हाती काही लागत नाही.

नेमक्या या दिवसांसाठी डेबोरा लँकासल आणि जॅकी बोइव्हिन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधं कार्ड तयार केलं. त्यावर दहा वाक्यं. दिवसातून निदान दोनदा वाचायची. ‘सगळं छानच होईल’ असं ती म्हणत नाहीत. जे आपल्या हातात नाही त्याकडे बघायची नजर थोडी बदलता येईल का, एवढंच सुचवतात. 2008 साली 55 जणींवर केलेल्या छोट्या अभ्यासात त्याची तुलना नुसता मूड चांगला करणाऱ्या दुसऱ्या कार्डाशी केली. वाट पाहण्याच्या काळासाठी पहिलं कार्ड बायकांना जास्त योग्य वाटलं.

मोठी चाचणी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाने 2014 साली प्रसिद्ध केली. 377 जणी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे केलेले तीन गट: कार्ड अधिक भावनांची रोजची नोंद, फक्त नोंद, आणि नेहमीचे उपचार. मला ही रचना आवडली. रोज ‘आज कसं वाटतंय’ लिहायला लावणं हासुद्धा एक हस्तक्षेपच असतो, आणि मधल्या गटामुळे तो वेगळा काढता येतो.

निकाल काय? फक्त नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा कार्डवाल्या गटात सुखद भावना स्पष्टपणे जास्त होत्या. पण नकारात्मक भावनांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. माझ्या मते हाच या संशोधनाचा सर्वात प्रामाणिक भाग आहे आणि नेमका तोच पुढे सांगितला जात नाही. कार्डाने भीती जात नाही. भीतीच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसतं. ‘स्ट्रेस कमी करणारं तंत्र’ म्हणून ते विकणं चूक आहे.

खटकलेल्या गोष्टी दोन. एक, कार्ड हातात असलेल्या बाईला ते हातात आहे हे माहीत असतंच. आपल्याला बरं वाटायला हवं, ही अपेक्षा उत्तरांत उतरणारच. यावर सोपा उपाय नाही, पण निष्कर्ष वाचताना हे डोक्यात हवं. दोन, कार्ड एकट्या बाईशी बोलतं. माझ्या बहिणीचा ताण मात्र एकटीचा नव्हता. पपई खाऊ नकोस, वाकू नकोस म्हणणाऱ्या सासूबाई होत्या, आणि "काही न्यूज?" विचारणारा अख्खा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिच्या हातात कार्ड दिलं म्हणून तो ग्रुप गप्प बसत नाही.

आता तिचे दोन प्रश्न. ताणाबद्दल: 2011 साली बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’मध्ये 14 अभ्यास, 3583 स्त्रिया एकत्र करून पाहिलं. उपचाराआधीच्या मानसिक त्रासाचा गर्भधारणा होण्या-न होण्याशी संबंध दिसला नाही. मर्यादा उघड आहे. हा त्रास उपचाराआधीचा आहे, ट्रान्सफरनंतरच्या दिवसांचा नाही. तरी ‘टेन्शन घेतलं म्हणून गेलं’ असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या बाजूने इथे काही मिळत नाही.

जिन्याबद्दल: 2013 साली स्पेनमधल्या एका चाचणीत 240 जणींपैकी निम्म्यांना ट्रान्सफरनंतर दहा मिनिटं झोपवून ठेवलं, निम्म्यांना लगेच उठवलं. मूल जन्मण्याचं प्रमाण झोपलेल्यांत 41.6 टक्के, उठलेल्यांत 56.7 टक्के. दहा मिनिटांचा अभ्यास, तोही दात्याच्या बीजांडांवरचा, त्यामुळे ‘उठून पळा’ असा अर्थ काढू नका. पण पडून राहिल्याने फायदा होतो असं म्हणायलाही आधार नाही. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यक संस्थेची 2017 ची मार्गदर्शक सूचनाही ट्रान्सफरनंतर झोपवून ठेवू नका असंच सांगते.

हे सगळं वाचून माझं मत असं झालंय की अशा कार्डाची किंमत एकाच मापाने ठरवावी: दिवस थोडे सुसह्य झाले का? गर्भ राहण्याशी त्याचा संबंध जोडला की तेच कार्ड आरोपपत्र होतं. राहिला तर ‘पॉझिटिव्ह विचारांमुळे’, नाही राहिला तर ‘तूच टेन्शन घेतलंस’. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी त्याच्या पोटात हा हिशोब असतो.

बहिणीला मी एवढंच सांगितलं: जिन्याने काही होत नाही, रडलीस तरी चालेल. आणि ग्रुप म्यूट कर. रिपोर्ट काय आला ते इथे लिहीत नाही. तो काहीही आला असता तरी तिला दिलेलं उत्तर हेच राहिलं असतं.