पाहणी कोणाच्या सोयीची?

रोहा आणि पेण तालुक्यांतील कातकरी वाड्यांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. आक्षेप आहे तो काहींच्या कार्यपद्धतीवर. ही पद्धत विज्ञानाच्या कसोटीलाही उतरत नाही.

खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी, असे नावाचे मूळ सांगतात. आज यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. संस्थांचे हिशेबाचे वर्ष मात्र मार्चअखेर संपते. अनुदान उशिरा आले, की पाहण्या आणि शिबिरे जानेवारी ते मार्चमध्ये उरकली जातात. तेव्हा वाडीत भेटतात ती वृद्ध माणसे आणि ज्यांना बाहेर जावे लागत नाही अशी घरे. हा नमुना एकांगी असतो. शंभराऐवजी पाचशे घरे मोजली तरी दोष जात नाही, कारण ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्याच दाराला कुलूप असते. मग अहवालात 'लोकांचा प्रतिसाद कमी' असा शेरा येतो!

वेळेइतकाच महत्त्वाचा मुद्दा प्रश्नाच्या निवडीचा. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आरंभी सिकलसेल या रक्तविकारावर संशोधन केले. शास्त्रीयदृष्ट्या ते मोलाचे होते, पण लोकांना तो आपला निकडीचा प्रश्न वाटला नाही. यातून धडा घेऊन संस्थेने लोकांना विचारण्यास सुरुवात केली. रुग्णालयसुद्धा लोकांच्या सल्ल्याने, झोपड्यांच्या पाड्यासारखे बांधले. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत केलेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांचे ऐकल्याने विज्ञान पातळ होत नाही, हे यावरून दिसते.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. पाहणी पावसाळ्यात करावी किंवा थेट भट्टीवर जाऊन करावी. प्रश्नावली छापण्यापूर्वी वाडीच्या बैठकीत वाचून दाखवावी. निष्कर्षही आधी वाडीला सांगावेत, देणगीदाराला नंतर.

शिक्षकांना यात मोठे काम करता येईल. विद्यार्थ्यांकडून वाडीचे बारमाही वेळापत्रक तयार करून घ्यावे. कोणत्या महिन्यात कोण घरी असते, काय काम करते, कोठे जाते, हे त्यात नोंदवावे. हजेरीपटावरील 'गैरहजर' या शेऱ्यामागची कारणे त्यात सापडतील, आणि गावात येणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या हाती प्रथम तोच कागद देता येईल.