मुक्या पडद्यावरचे रडणे

राधानगरीत घरोघरी मोबाइल आला आणि नातवंडांच्या व्हॉट्सअ‍ॅपकडे दुरून पाहणारी वडीलधारी मंडळी ‘अडाणी’ ठरली. या शब्दाला माझी हरकत आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’चा विचार करताना ती अधिकच बळावते.

कोल्हापूरच्या या चित्रकाराने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील त्यांचा १९२५ चा मूकपट कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या शेतकऱ्याचा. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांची. अंधारी झोपडी आणि रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य जाणकारांच्या स्मरणात राहिले. मुक्या पडद्यावर कुत्रे रडते, तेव्हा ऐकण्याचे काम प्रेक्षकाच्या मनाकडे जाते. ध्वनीमुळे दृश्यकलेची ही सारी कमाई बुडेल, असे पेंटरांना वाटे. हे भय अज्ञानाचे खचितच नव्हते. काय गमावणार, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

काळ थांबला नाही. शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. १९३१ मध्ये पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी मिटली. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलका केला खरा. पण नाव राहिले ते मूकपटाचेच.

तथापि पेंटरांचे भय सर्वस्वी खरे ठरले नाही. आपट्यांच्याच कादंबरीवरील ‘कुंकू’त (१९३७) शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळून केवळ भोवतालचे आवाज ठेवले. आवाज इतका जपून वापरणे मूकपटाच्या शाळेत शिकलेल्यालाच सुचले असावे.